जाड बाजू मागे

रोशनी सोनकांबळेला राग तसा लवकर यायचा नाही. दिलसुखनगरच्या कोचिंग क्लासात भरगच्च वर्गांना फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला तो परवडतही नाही. पण त्या रविवारी, घटकेसरच्या पुढं असलेल्या रायफल रेंजवर, चटईवर पालथी पडलेली असताना तिची कानशिलं जी तापली, ती पुढं कितीतरी दिवस निवली नाहीत.

रेंज म्हणजे सोडून दिलेली ग्रॅनाइटची खाण. तीन बाजूंनी उभा कापलेला दगड, त्यापुढं मातीचा मोठा ढिगारा, आणि अलीकडं पत्र्याची शेड. शेडीपासून ढिगाऱ्यापर्यंत वेगवेगळ्या अंतरांवर लोखंडी चकत्या टांगलेल्या. क्लबात त्यांना तवे म्हणत. गोळी लागली की तवा टणकन वाजायचा. नाही वाजला की तेही सगळ्यांना ऐकू यायचं.

रोशनीचा तवा वाजत नव्हता.

पन्नास मीटरवर ती कुणाला हार जायची नाही. कॉलेजात एनसीसीत असताना बावीस बोअरची रायफल पहिल्यांदा खांद्याला लागली, तेव्हापासूनचा तो हात होता. पण क्लबानं दोन वर्षांपूर्वी नवीन टूम काढली होती: नळीवर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, लावून लांब पल्ल्यावर बावीस चालवायची. त्याची आंतरक्लब स्पर्धा यंदा इथंच, ह्याच खाणीत व्हायची होती आणि आज तिच्यासाठी संघाची निवड होती. शंभर मीटरवर रोशनी डळमळली आणि दोनशेवर तर पुरती झोपली.

तिनं स्कोपवरचा उंचीचा नॉब फिरवला. टिकटिक करत तो जरासा वळला आणि अडला. पुढं फिरायला जागाच नव्हती. मग नेहमीसारखं तिनं तव्यावरचा नेम सोडला, त्याच्या बऱ्याच वर, ढिगाऱ्यावर उगवलेल्या बाभळीच्या झुडपावर नजर धरली आणि अंदाजानं चाप ओढला. तव्याच्या खाली माती उडाली. पुन्हा ओढला. आता डावीकडं माती उडाली.

"बास," मागून हिम्मतरावांचा आवाज आला. "उठ आता. गोळ्या वाया नको घालवू."

हिम्मतराव क्लबाचे सेक्रेटरी आणि कोचही. त्यांचे आजोबा उदगीरकडचे, मोठे शेतकरी. निजामाच्या काळातच घराणं शहरात आलं. आता त्यांचं मोटारपंपांचं मोठं दुकान होतं. क्लब त्यांनी उभा केला होता आणि ते हे कुणाला विसरू देत नसत.

"सर, नॉब संपतोय," रोशनी उठत म्हणाली. "मी मागंही बोलले होते. वर जायला जागाच राहत नाही."

"नॉब संपत नाही, श्वास संपतो." ते शेडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. "चाप ओढताना तू श्वास सोडतेस. हात थरथरतो. लांबच्या पल्ल्याला नर्व्ह लागते बेटा, ती सगळ्यांत नसते. पन्नासवर राहा. तिथं तू चांगलं करतेस, आम्ही टाळ्या वाजवू."

"सर, पण एकदा रायफल बघून—"

"रायफल मी स्वतः तयार केलीय. स्कोप मी बसवलाय, त्याच्या खालची बैठक, तो माउंट मी आणलाय. क्लबात घेतलं, क्लबाची रायफल दिली, आता ती रायफलही खराब?"

शेडीत कुणीतरी हसलं. रेंज ऑफिसर शोभाताईंनी, म्हणजे गोळ्यांचा आणि शिस्तीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईंनी, मान खाली घालून रिकाम्या पुंगळ्या गोळा करायला घेतल्या. संघात नाव लागलं हिम्मतरावांच्या पुतण्याचं. प्रशांतची रायफल स्वतःची होती, बाहेरून मागवलेली, आणि त्याचा तवा वाजला होता.

रोशनी स्कूटरवर बसली ती हेल्मेटच्या आत बोलतच अंबरपेठला पोचली.

घरी किशनराव, तिचे वडील, पंख्याखाली पेपर वाचत बसले होते. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. देगलूरकडून चाळीसेक वर्षांपूर्वी इथं आला आणि इथलाच झाला, पण जीभ मात्र अजून तिकडचीच. त्यांनी लेकीचं सगळं ऐकून घेतलं.

"मग जाऊ दे की माय," ते म्हणाले. "पन्नासवर खेळ. कामून जीव जाळतीस?"

"बाबा, मला न येणं वेगळं आणि माझ्या हातात चुकीची वस्तू देऊन वर मलाच नावं ठेवणं वेगळं."

"हौ, पर तुला कुठं माहीत हाय की वस्तू चुकीची हाय?"

ह्यानं ती आणखीच चिडली.

"त्यानं आत घेतलं तुला," किशनराव जरा हळू आवाजात म्हणाले. "असल्या जागी आपल्याला कोण उभं करत होतं? माझ्या वक्ताला तर..."

"उपकार नाही केले, बाबा. फॉर्म भरून, परीक्षा देऊन गेलेय मी. बाकीच्यांसारखीच."

किशनरावांनी पेपर पुन्हा उघडला.

दुसऱ्या दिवशी क्लासात नेमका फेकलेल्या वस्तूच्या गतीचा धडा होता. फळ्यावर तिनं वक्र रेषा काढली, आडवी गती, उभी गती, सगळं तोंडपाठ म्हणाली, आणि मध्येच खडू धरून उभी राहिली. बावीसची गोळी हळू. पन्नासवर नेम बसवलेली असली तरी दोनशेपर्यंत जाता जाता पुरुषभर खाली येते. ती वर आणायची तर नॉब भरपूर फिरायला हवा, हे कुणालाही कळतं. प्रश्न तो नव्हता. प्रश्न हा होता, की पन्नासवर असतानाच आपला नॉब जवळजवळ संपलेला का असतो?

सुट्टीत तिनं प्रशांतला फोन लावला. पोरगा तसा वाईट नव्हता. काकांसमोर तोंड उघडायचा नाही एवढंच.

"प्रशांत, एक सांग. पन्नासवर झीरो केल्यावर, म्हणजे नेम बसवल्यावर, तुझा नॉब कुठं असतो? वर, मधे, का खाली?"

"खाली ना, रोशनीताई. एकदम तळाशीच. म्हणून तर वरची सगळी जागा मला दोनशेसाठी मिळती. माउंट उतरता घेतलाय ना, त्याच्यासाठीच तर."

"उतरता म्हणजे?"

"म्हणजे मागची बाजू जाड, पुढची पातळ. स्कोपचं तोंड थोडं खाली झुकतं. मग नेम धरायला नळी आपोआप वर उचलावी लागती. लाँग रेंजचा माउंट तसाच येतो. क्लबच्या रायफलवर पण तसलाच हाय की, काकांनी मुद्दाम मागवला होता."

"माझा नॉब पन्नासवर वरच्या टोकाला असतो, प्रशांत."

प्रशांत दुकानातल्या गलक्यातून बाहेर आला.

"मग तो उलटा बसवलाय," तो म्हणाला. "जाड बाजू पुढं. तो काय, खाचेत पकडून स्क्रू आवळायचा माउंट हाय, दोन्हीकडून बसतो... उलटा असला तर नुसतं मदत करणार नाही, वर आणखी जागा खाऊन टाकणार."

"तुला आजवर दिसलं नाही?"

"मी ती रायफल हातातच नाही घेतली कधी. ताई, ऐका ना, माझं नाव नक्को सांगा हां. काकांनी स्वतः बसवलाय."

तिनं फोन ठेवला आणि लगेच शोभाताईंचा नंबर शोधला.

आठवड्याच्या मधल्या दिवशी रेंज मोकळी असते. रोशनीनं शोभाताईंना आधी फोन करून सगळं सांगितलं, आणि त्या "ये, बघू तरी," म्हणाल्या. रायफलच्या स्क्रूला हात लावायला रेंज ऑफिसरची परवानगी पुरते, हे दोघींनाही ठाऊक होतं. रोशनीनं क्लासात दाखवायला ठेवलेला, जाडी मापायचा व्हर्नियर पर्समध्ये टाकून आणला होता.

शेडीतल्या टेबलावर जुनी चादर पसरून तिनं रायफल आडवी ठेवली. बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा दांडा, काढून बाजूला ठेवला. माउंटच्या मागच्या टोकाची जाडी मापली, मग पुढच्या टोकाची. एकदा नाही, शोभाताईंच्या हातूनही मापून घेतली. फरक नखाएवढाही नव्हता. नुसत्या डोळ्यांना कुणाला कळला नसता. पण होता, आणि चुकीच्या बाजूला होता. पुढचं टोक जाड.

"म्हणजे इतके दिवस..." शोभाताई म्हणाल्या.

"इतके दिवस ही रायफल खाली बघत होती आणि मी बाभळीकडं."

तिनं स्कोप धरणाऱ्या कड्या सोडून तो उचलला, माउंटचे स्क्रू ढिले केले, तो काढून घेतला आणि फिरवून जाड बाजू मागे घालून पुन्हा खाचेत बसवला. स्क्रू एकदम करकचून आवळले नाहीत. थोडा हा, थोडा तो, आळीपाळीनं, म्हणजे वजन एका बाजूला ओढलं जाणार नाही. स्कोप पुन्हा कड्यांत ठेवून तो डोळ्यापासून योग्य अंतरावर येईतो मागंपुढं सरकवला. मग पन्नास मीटरवर खांबाला ओळंबा टांगला आणि स्कोपमधली उभी रेघ त्याच्या दोरीशी तंतोतंत जुळवली. ती तिरपी राहिली तर लांबवर गोळी वरही जात नाही आणि सरळही जात नाही. ह्या सगळ्यात बराच वेळ गेला. शोभाताईंनी मध्ये चहा आणला, तो गार होऊन गेला.

पन्नासवर पहिल्या गोळ्या भलत्याच वर गेल्या. अपेक्षेप्रमाणंच. तिनं नॉब खाली खाली आणला आणि झीरो बसलं तेव्हा नॉब तळाशी होता, प्रशांतच्या नॉबसारखा. वरची सगळी जागा आता मोकळी होती.

शंभरवर तवा वाजला. दीडशेवर वाजला.

दोनशेसाठी तिनं नॉब फिरवत नेला. टिकटिक चालूच राहिली, अडली नाही. स्कोपच्या मधोमध तवा आला, खुद्द तवा, बाभूळ नाही. तिनं श्वास निम्मा सोडून धरला, नेहमी धरायची तसाच, आणि चाप ओढला. क्षणभर काहीच नाही. मग खाणीच्या दगडात घुमत आवाज आला.

शोभाताईंनी टाळी वाजवली. रोशनीला वाटलं होतं आपल्याला आनंद होईल. पण चटईवर कोपर टेकून पडल्या पडल्या तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते संतापाचं होतं.

"रोशनी," शोभाताई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "तुझ्या आधी ही रायफल ईशाकडं होती गं."

ईशा. चिक्कडपल्लीची, अबोल, उंच पोरगी. क्लबात तिचं नाव झालं होतं, आणि मग हा नवा माउंट बसला, आणि तिचे नेम लांबवर बिघडत गेले. हिम्मतरावांनी तिलाही नर्व्ह नाही म्हणून सांगितलं. डॉक्टरकडं जा, हातांत काहीतरी दोष असेल, असंही सांगितलं. पोरगी खरंच डॉक्टरकडं गेली. तपासण्या झाल्या, काहीच निघालं नाही, आणि मग ती यायचीच बंद झाली.

"तुम्हाला माहीत होतं?" रोशनीनं विचारलं.

"उलटा आहे हे नव्हतं माहीत. पण ती रडत गेली ते बघितलं होतं." शोभाताईंनी नजर चुकवली नाही. "आणि गप्प बसले."

संध्याकाळी रोशनीनं ईशाला फोन केला. जे घडलं ते सगळं सांगितलं. ईशानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दीदी, मी जॅकेट, ग्लव्ह, सगळं देऊन टाकलं. आई अजून मला जड भांडं उचलू देत नाही, हात कापतात म्हणून. आता तुम्ही सांगता स्क्रू उलटा होता."

"माउंट उलटा होता."

"हौ, माउंट. मग मी काय करू आता? खुश होऊ?"

ईशानंच "ठेवते, दीदी," म्हणून फोन ठेवला. ह्या फोननंतर रोशनीच्या मनातली स्वतःची तक्रार कुठल्या कुठं गेली. ईशाच्या आईनं पोरीच्या हातातून काढून घेतलेलं भांडं तेवढं तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

रविवारी सकाळी रेंजवर गर्दी होती. पाहुण्या क्लबांचे दोघे-चौघे मैदान बघायला आले होते. रोशनी हिम्मतरावांना बाजूला घेऊन सांगणार होती. वयाचा मान ठेवायचा हे तिनं ठरवलं होतं. पण तिला यायला उशीर झाला आणि तोवर ते पाहुण्यांत गुंतले होते. शोभाताईंकडून रायफल घेऊन तिनं सरावाला सुरुवात केली, दोनशेचा तवा लागोपाठ वाजू लागला, तशी माणसं तिच्या मागं जमली आणि हिम्मतरावही आले. त्यांनी रायफलीकडं पाहिलं, स्कोपकडं पाहिलं.

"ह्याला हात कुणी लावला?"

"मी लावला, सर. माउंट—"

"माझ्या परवानगीशिवाय?"

"परवानगी मी दिली," शोभाताई म्हणाल्या. "माझ्यासमोर काम झालं."

हिम्मतरावांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पाहुणे बघत होते. तवा नुकताच वाजला होता, त्याचा नाद अजून दगडात होता. त्यांनी एकदम हसून पाहुण्यांकडं तोंड केलं.

"मीच शोभाताईंना बोललो होतो, जरा ॲडजस्ट करून बघा म्हणून. कोचला बारीक-सारीक सगळं बघावं लागतं. बघा, पोरीचा नेम कसा सुधारला!"

पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकानं टाळ्यासुद्धा वाजवल्या. खोटं बोलणारी माणसं रोशनीनं पाहिली होती, पण इतक्या सहज, तिच्या डोळ्यांदेखत!

आणि ते तिथं थांबले नाहीत. "प्रशांतच्या रायफलची पिन तुटलीय, पार्ट यायला वेळ लागेल," ते म्हणाले. "आता ही रायफल तयार झालीच आहे, तर स्पर्धेत प्रशांत हीच चालवेल. रोशनी, रायफल दे त्याला. सरावाला वेळ कमी आहे."

ती उठून उभी राहिली. बोल्ट उघडला, रायफल रिकामी असल्याचं शोभाताईंना दाखवलं आणि टेबलावर ठेवली. मग वळली. वर्गात मागच्या बाकावर दंगा झाला की तिचा आवाज जसा हळू व्हायचा, तसा तो झाला होता.

"देते. पण आधी एक सांगा, सर. माउंटची जाड बाजू कुठं असते? पुढं की मागं?"

"ही काय शाळा आहे?"

"तुम्ही ॲडजस्ट करायला सांगितलंत ना. मग काय सांगितलंत तेवढं सांगा. पुढं की मागं?"

हिम्मतरावांनी इकडं तिकडं पाहिलं. सगळे उत्तराची वाट बघत होते, पाहुणेही.

"पुढं," ते झटक्यात म्हणाले. "पुढून उचललं की गोळी लांब जाते. लहान पोरालाही कळेल."

पाहुण्यांपैकी एकानं दुसऱ्याकडं पाहिलं. प्रशांत बुटांकडं बघत उभा होता. मग त्यानं मान वर केली.

"मागं, काका," तो म्हणाला. आवाज फार मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. "जाड बाजू मागं असती."

"ह्या रायफलवर ती दोन वर्षं पुढं होती," रोशनी म्हणाली. "तुम्ही बसवली होती. चूक कुणाकडूनही होते, सर, त्याचं मला काही नाही. पण मी नॉब संपतो म्हणून सांगत राहिले आणि तुम्ही सगळ्यांसमोर माझा श्वास काढलात. ईशाला तर तुम्ही डॉक्टरकडं पाठवलंत. धडधाकट पोरीला! तिच्या घरी अजून तिला आजारी समजतात. एकदा, फक्त एकदा खाली वाकून रायफल बघितली असती तर?"

हिम्मतरावांचा चेहरा लालबुंद झाला. "आवाज खाली. तुम्हा लोकांना जरा जागा दिली की—"

"कुणा लोकांना?"

ते खिशात गाडीची किल्ली चाचपू लागले.

"नाही, सांगा ना. कुणा लोकांना? मास्तर लोकांना? बायांना? अंबरपेठच्या लोकांना? नाव घेऊन बोला, सगळे ऐकतायत."

पत्र्यावर कावळा चालत होता त्याचा आवाज येत होता. ती एकेकाकडं बघत गेली: वर्षानुवर्षं शेजारी चटई टाकून पडणारी माणसं, तिच्या डब्यातली धपाटी खाल्लेली माणसं. कुणी चष्मा पुसत होतं, कुणी मोबाइल बघत होतं. शेवटी एक ज्येष्ठ सभासद हात चोळत पुढं आले. "चला, चला, चहा आलाय. रागाच्या भरात माणूस बोलून जातो. तूही जरा शांत हो, बेटा."

आणि खरोखरच चहाचे कप फिरू लागले. ते बघून रोशनीला जेवढी चीड आली तेवढी हिम्मतरावांचीही आली नव्हती. तिनं कप घेतला नाही.

"मी ह्या रायफलनं खेळणार नाही," प्रशांत अचानक म्हणाला. "ताईंनी तयार केलीय, ताई खेळतील. माझं नाव काढा."

हिम्मतराव पुतण्याकडं बघत राहिले. मग गाडीकडं चालू लागले. धूळ उडवत गाडी गेटाबाहेर गेली. शोभाताईंनी फळ्यावर प्रशांतचं नाव पुसलं आणि रोशनीचं लिहिलं. खडू ठेवून त्या तिच्याजवळ आल्या. "कुणा लोकांना, हे तुला एकटीला विचारावं लागायला नको होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मी विचारायला हवं होतं."

स्पर्धेच्या दिवशी किशनराव पहिल्यांदा रेंजवर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात छत्री घेऊन, शेडीच्या कडेला खुर्चीवर बसून राहिले. प्रशांतनं त्यांच्या कानांत घालायला बुच्चे आणून दिले. दुपारी खाणीत वारा शिरला, तो कधी डावीकडून, कधी सरळ तोंडावर. रोशनीनं दोनशेचा तवा बराच वाजवला. काही गोळ्या वाऱ्यानं नेल्या, त्या खरोखर तिच्या चुका होत्या आणि तिनं त्या मान्य केल्या. बंगळूरची एक मुलगी पहिली आली, रोशनी दुसरी. ईशाला तिनं बोलावलं होतं. ती आली नाही.

बक्षीस द्यायला मात्र हिम्मतराव होते. कमिटीनं त्यांना काही विचारलं नव्हतं, त्यांनीही कमिटीला काही सांगितलं नव्हतं. प्रकरण चहाबरोबर गिळलं गेलं होतं. माइकवर ते म्हणाले, "आमच्या क्लबाची, आमच्या हातची तयार झालेली रोशनी." तिनं कप घेतला. फोटोवाल्यानं दोघांना जवळ उभं राहायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "शोभाताईंना बोलवा. माझा फोटो त्यांच्याबरोबर काढा." आणि खाली उतरताना, माइकपासून दूर, पण हिम्मतरावांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पुढच्या रविवारी क्लबातल्या सगळ्या रायफली टेबलावर काढून ठेवा, सर. प्रत्येक माउंट मी स्वतः मापणार आहे. आणि ईशाच्या घरी तुम्ही जायचंय. तिच्या आईला सांगायला."

हिम्मतराव माइककडं वळले आणि त्यांनी पुढचं बक्षीस पुकारलं.

परतताना किशनराव स्कूटरवर मागं बसले होते, मांडीवर कप धरून. उप्पलच्या सिग्नलला गाडी थांबली.

"रोशने," ते म्हणाले, "त्या मानसानं तुझी माफी मागितली का?"

"नाही, बाबा."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले. बरंच पुढं गेल्यावर, रामंतापूर ओलांडल्यावर, ते पुन्हा बोलले. एवढा वेळ ते तेवढाच विचार करत असावेत.

"आन् त्या दुसऱ्या पोरीची?"

"तिचीही नाही."

"कामून नाही?" किशनराव एकदम मोठ्यानं म्हणाले, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या ऑटोवाल्यानं वळून पाहिलं. "कामून नाही मागितली? त्याला काय शिंगं फुटलीत का? पुढल्या रविवारी मला बी घेऊन चल. मीच विचारतो त्याला."

"चला," रोशनी म्हणाली आणि तिनं गाडीचा वेग वाढवला.